कार्बन तंतूची आतली रचना आणि त्याचे बळ



‘कार्बन फायबर पोलादापेक्षा मजबूत असते’ हे वाक्य तुम्ही सायकलच्या दुकानात, रॅकेटच्या जाहिरातीत किंवा तेजस विमानावरच्या माहितीपटात ऐकले असेल. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. मजबूत म्हणजे लवकर तुटत नाही असे, की लवकर वाकत नाही असे? ओढल्यावर मजबूत, की दाबल्यावर? आणि कोणत्या दिशेने? तुमच्यापैकी काहीजण पुढे हवाईदलात, ईएमईमध्ये किंवा एखाद्या आयुध निर्माणीत जातील. तिथे हे प्रश्न न विचारता पदार्थ निवडला, तर त्याची किंमत वैमानिकाला मोजावी लागू शकते.

आपल्या जबलपूरची ओळख पोलादाशी आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. १५५ मिलिमीटरची धनुष तोफ याच कारखान्यात तयार होते. पोलाद हे असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते आणि त्या कणांची तोंडे सगळ्या दिशांना असतात. त्यामुळे साध्या पोलादाच्या पत्र्यातून पट्टी उभी कापा किंवा आडवी कापा, तिचे गुण जवळजवळ सारखेच येतात. कार्बन तंतूचे तसे नाही. त्याचा प्रत्येक गुण आतल्या अणूंच्या मांडणीवर आणि त्या मांडणीच्या दिशेवर अवलंबून असतो. ही मांडणी समजून घेणे हा आजचा पाठ.

दोन गुण, दोन नावे

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करून ठेवू.

पहिला, ताठरता. ओढल्यावर वस्तू किती कमी लांबते, याचे हे माप. भौतिकशास्त्रात यालाच यंगचा गुणांक म्हणतात आणि तो गिगापास्कलमध्ये मोजतात. पोलादाचा सुमारे २००, अॅल्युमिनियमचा सुमारे ७०.

दुसरा, ताणबळ. तुटण्याआधी वस्तू प्रत्येक चौरस मीटरला किती ओढ सहन करते, याचे हे माप. ते मेगापास्कलमध्ये सांगतात. १००० मेगापास्कल म्हणजे १ गिगापास्कल.

हे दोन गुण एकच नाहीत. काचेची पट्टी ताठर असते, पण ओरखडा पडला की सहज मोडते. गिर्यारोहणाचा नायलॉनचा दोर खूप ओढ सहन करतो, पण बऱ्यापैकी लांबतो. कार्बन तंतूमध्ये तर या दोन गुणांची कारणेही वेगवेगळी आहेत. ताठरता अणूंच्या थरांची ओळ किती सरळ आहे यावरून ठरते. ताणबळ मुख्यतः तंतूत दोष किती आणि केवढे आहेत यावरून ठरते. पाठाचा गाभा एवढाच आहे.

अणूंची चादर

पेन्सिलीने कागदावर रेघ ओढा. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंच्या चादरींची चवड. एका चादरीत अणू षटकोनांत बसलेले असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. शेजारच्या दोन अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते आणि त्यांच्यातला बंध निसर्गातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. मात्र एका चादरीपासून दुसरी चादर ०.३३५ नॅनोमीटर दूर असते आणि दोघींमधले आकर्षण अगदी दुबळे असते. म्हणून रेघ ओढताना चादरी एकमेकींवरून घसरतात आणि कागदावर उतरतात.

आकड्यांत पाहू. चादरीच्या दिशेने ओढले तर ग्रॅफाइटच्या स्फटिकाची ताठरता १००० गिगापास्कलच्या आसपास येते, म्हणजे पोलादाच्या पाचपट. चादरींना काटकोनात ओढले तर ती ३६ च्या आसपास उरते. एक चादर दुसरीवरून सरकवायची म्हटली, तर होणारा विरोध ४ ते ५ गिगापास्कल इतकाच. एकाच पदार्थात दिशा बदलली की इतका फरक पडतो. तेव्हा युक्ती उघड आहे: सगळ्या चादरी तंतूच्या लांबीला समांतर बसवायच्या. बोलायला सोपे, करायला कठीण.

तंतू कसा तयार होतो

धाग्याचा कोळसा करून तंतू बनवण्याची कल्पना जुनी आहे. १८७९ मध्ये थॉमस एडिसनने विजेच्या दिव्यासाठी सुती दोरा आणि नंतर बांबू असाच जाळून वापरला. तो तंतू प्रकाश देत असे, पण त्यात बळ नव्हते. १९५८ मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना ग्रॅफाइटचे केसासारखे बारीक स्फटिक मिळाले. त्यांचे ताणबळ २० गिगापास्कल आणि ताठरता ७०० गिगापास्कल भरली. कार्बनमध्ये काय दडले आहे, हे त्यातून दिसले. पण असे स्फटिक कारखान्यात मैलोगणती काढता येत नव्हते.

व्यवहारातली वाट जपानच्या अकिओ शिंदो यांनी दाखवली. १९६१ च्या सुमारास त्यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, थोडक्यात ‘पॅन’, या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू केला. पॅन हा लोकरीसारख्या स्वस्त स्वेटरांत असणाऱ्या अॅक्रिलिक धाग्याचाच भाऊ. पुढे १९६३-६४ मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी कळीची गोष्ट केली: धागा तापवताना त्यांनी तो आकसू दिला नाही.

आजही कृती साधारण तशीच आहे.

१. पॅनचा धागा कातून अनेकपट ताणतात, म्हणजे त्यातले लांबलचक रेणू एका दिशेला होतात.
२. मग तो ताणलेल्या स्थितीतच हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवतात. पांढरा धागा पिवळा, तपकिरी आणि शेवटी काळा होतो. रेणूंच्या साखळ्या कड्यांत बांधल्या जातात, त्यामुळे पुढे तो वितळत नाही.
३. नंतर नायट्रोजनमध्ये १००० ते १५०० अंशांपर्यंत नेतात. हायड्रोजन, नायट्रोजन वगैरे निघून जातात, वजन जवळजवळ निम्मे होते आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो.
४. जास्त ताठर तंतू हवा असेल तर आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत २००० ते ३००० अंशांपर्यंत तापवतात.

तयार तंतूची जाडी ५ ते ७ मायक्रोमीटर असते, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या भागाइतकी.

आत डोकावल्यावर

शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली किंवा क्ष-किरणांनी हा तंतू तपासला, तर आत शुद्ध ग्रॅफाइट दिसत नाही. चादरींचे अरुंद पट्टे दिसतात. ते सुरकुतलेले, एकमेकांत गुंतलेले, पण बहुतेक लांबीच्या दिशेने धावणारे असतात. चादरी एकमेकींवर नीट जुळूनही बसलेल्या नसतात. अस्ताव्यस्त रचलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखी त्यांची स्थिती असते. त्यामुळे चादरींमधले अंतरही ग्रॅफाइटपेक्षा थोडे जास्त, ०.३४४ नॅनोमीटरच्या आसपास भरते. पट्ट्यांच्या मध्ये सुईसारख्या लांबट पोकळ्या राहतात. म्हणून नेहमीच्या कार्बन तंतूची घनता १.७६ ते १.८ इतकीच असते, तर शुद्ध ग्रॅफाइटची २.२६.

या सुरकुत्यांना निव्वळ दोष समजू नका. पट्टे एकमेकांत अडकलेले असल्यामुळेच चादरी पेन्सिलीतल्यासारख्या सहज घसरत नाहीत.

ओळ सरळ, तर ताठरता जास्त

परेडच्या मैदानावर ‘दाहिने सज’चा हुकूम झाला की प्रत्येकजण उजवीकडे पाहून आपली जागा साधतो. तंतूतल्या पट्ट्यांनाही असेच सजावे लागते. पण इथे चुकीला माफी फार कमी आहे. ग्रॅफाइटचा एक सुटा स्फटिक ओढीच्या दिशेपासून फक्त १० अंश तिरपा धरला, तर गणिताने त्याची ताठरता सातव्या हिश्श्याच्या आसपास येते. कारण उघड आहे. तिरप्या चादरी ओढल्या की त्या लांबण्याऐवजी एकमेकींवरून घसरू लागतात आणि घसरण्याला विरोध फार थोडा असतो. तंतूमध्ये शेजारचे पट्टे अडवून धरतात म्हणून घट इतकी होत नाही, पण नियम तोच राहतो.

फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी धागा आकसू का दिला नाही, ते आता लक्षात येईल. आकसला की ओळ मोडते. आणि भट्टीचे तापमान वाढवले की स्फटिक मोठे होतात, सुरकुत्या उलगडतात, ओळ अधिक सरळ होते. म्हणून तापमान वाढेल तशी ताठरता वाढतच जाते.

बळ मात्र दोष ठरवतात

ताणबळाची गोष्ट वेगळी आहे. त्याच फार्नबरोला अॅलन ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या तंतूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. काच तिच्या बंधांच्या हिशेबाने जितकी बळकट हवी, त्याच्या किती तरी कमी ओढीला का तुटते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे की पदार्थात सूक्ष्म भेगा असतात. भेगेच्या टोकाशी सगळी ओढ एकवटते आणि तिथून तडा धावतो. भेग जितकी मोठी, तितका पदार्थ लवकर तुटतो.

कार्बन तंतूतही असेच घडते. कातताना शिरलेला धुळीचा एक कण, पृष्ठभागावरचा ओरखडा किंवा आतली एखादी पोकळी पुरते. १९७० च्या दशकात पॅनचा धागा धूळविरहित खोलीत कातून पाहिला, तेव्हा त्यापासून झालेल्या कार्बन तंतूचे बळ स्पष्ट वाढले.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. शिवणाच्या सुती दोऱ्याचे एकाच रिळातून १० सेंटिमीटरचे दहा आणि १ मीटरचे दहा तुकडे कापा. टोकांना गाठ मारू नका, कारण गाठीपाशी दोरा कच्चा होतो. टोके पेन्सिलीवर चार-पाच वेढे देऊन चिकटपट्टीने पक्की करा. खाली प्लॅस्टिकची बाटली टांगून तिच्यात हळूहळू पाणी ओता आणि दोरा तुटेल तेव्हाचे वजन लिहा. बाटली जमिनीपासून जेमतेम वर ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. दोन गोष्टी दिसतील. एक, सारख्या लांबीचे तुकडेही वेगवेगळ्या वजनाला तुटतात. दोन, लांब तुकडे सरासरीने लवकर तुटतात, कारण लांबी जास्त म्हणजे एखादी कच्ची जागा सापडण्याची शक्यता जास्त. दोन्ही तुकड्यांची ताठरता मात्र एकच असते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी असते, तोच हा न्याय.

भट्टी जास्त तापवली तर?

इथे दोन्ही गुणांची वाट फुटते. पॅनपासून केलेल्या तंतूची ताठरता ३००० अंशांपर्यंत वाढत राहते. ताणबळ मात्र साधारण १५०० अंशांच्या आसपास कळस गाठते आणि पुढे घटू लागते. स्फटिक लहान असताना एखादा तिरपा स्फटिक फुटला, तरी तडा शेजारच्या स्फटिकाच्या सीमेवर अडतो. स्फटिक मोठे झाले की पहिलाच तडा मोठा होतो आणि ग्रिफिथच्या नियमाने तो थांबत नाही.

बाजारात मिळणाऱ्या काही प्रकारांचे आकडे पाहा.

टी-३००: ताणबळ ३५३० मेगापास्कल, ताठरता २३० गिगापास्कल.
टी-८००: ताणबळ सुमारे ५५००, ताठरता २९४.
एम-६०जे: ताणबळ ३८२०, ताठरता ५८८.
के-११००: ताणबळ सुमारे ३१००, ताठरता ९६५.

पहिले तीन पॅनपासून होतात. चौथा पिचपासून, म्हणजे डांबरासारख्या पदार्थापासून होतो. त्यात चादरी मोठ्या आणि सपाट वाढतात, म्हणून त्याची ताठरता ग्रॅफाइटच्या जवळ पोचते. टी-८०० चा तंतू ५ मायक्रोमीटरचा, टी-३०० पेक्षा बारीक आणि कमी दोषांचा आहे. यादीत सगळ्या बाबतीत पहिला येणारा एकही तंतू नाही.

ताणबळाला ताठरतेने भागले की तुटेपर्यंत तंतू किती लांबतो ते कळते. टी-३०० सुमारे १.५ टक्के लांबतो, टी-८०० सुमारे १.९ टक्के, एम-६०जे फक्त ०.६५ टक्के आणि के-११०० जेमतेम ०.३ टक्के. म्हणजे ताठरता वाढवताना धक्का पचवण्याची ताकद आपण गमावतो. उपग्रहाच्या सांगाड्याला आकार तसूभरही बदललेला चालत नाही, तिथे ताठर तंतू योग्य. विमानाच्या पंखाला वाकावेही लागते आणि टिकावेही लागते, तिथे वेगळी निवड.

दाबल्यावर काय?

दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. कार्बन तंतूच्या बाबतीत ते अगदी खरे नसले, तरी दाबाला तो ओढीपेक्षा कमी टिकतो. लांबीच्या दिशेने दाबले की सरळ चादरी वाकून दुमडतात. चादरी जितक्या मोठ्या आणि सपाट, तितक्या सहज दुमडतात. म्हणून टी-३०० च्या तुलनेत एम-६०जे पासून केलेल्या पट्टीचे दाब सहन करण्याचे बळ निम्म्याच्या आसपास भरते. पट्ट्यांच्या सुरकुत्या आणि गुंतागुंत इथे आपल्या मदतीला येतात.

तंतूपासून पंखापर्यंत

टी-३०० चा एकटा तंतू जेमतेम १४ ग्रॅम वजन पेलतो. ३००० तंतूंच्या पेळूवर भार सारखा वाटला गेला, तर तो ४० किलोच्या वर पेलेल, आणि अशा पाच मीटर पेळूचे वजन फक्त १ ग्रॅम. पण तंतू नुसते वापरता येत नाहीत. ते इपॉक्सी रेझीनमध्ये बसवतात. रेझीन तंतूंना जागेवर धरते आणि एक तंतू तुटला तर त्याचा भार शेजाऱ्यांना देते. चादरीची पाठ गुळगुळीत असल्याने रेझीन नीट चिकटत नाही. म्हणून तंतूच्या पृष्ठभागावर आधी ऑक्सिडीकरणाची प्रक्रिया करतात.

सर्व तंतू एकाच दिशेला असलेली आणि साठ टक्के तंतू असलेली टी-३०० ची पट्टी लांबीच्या दिशेने सुमारे १४० गिगापास्कल ताठरता देते. आडव्या दिशेने ती १० पेक्षा कमी, कारण तिथे भार रेझीनवर येतो. म्हणून पंखाचे आवरण करताना थर शून्य, अधिक-उणे ४५ आणि ९० अंशांत आलटूनपालटून रचतात. सगळ्या दिशांना सारखे थर दिले, तर ताठरता ५० ते ५५ वर येते, म्हणजे अॅल्युमिनियमपेक्षाही कमी. वजन मात्र त्याहून हलके. भार कुठून येणार हे ओळखून त्या दिशेला जास्त थर देणे, यातच अभियंत्याचे कसब.

आपल्या तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे. पंखांची आवरणे आणि उभे शेपूट कार्बन तंतूंचे आहे. असे भाग बनवण्याचे तंत्र उभे करण्यात बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. थर रचलेला भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात, उष्णता आणि दाब देऊन पक्का करतात. तेजसचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. आता नाशिकजवळ ओझर येथेही त्याची जुळणी होते.

या पदार्थाने धडाही शिकवला आहे. रोल्स-रॉइसने आरबी-२११ इंजिनाच्या पंख्यासाठी कार्बन तंतूची पाती केली होती. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती फुटली. लांबीच्या दिशेची ओढ ती सहज पेलत होती, आडव्या धक्क्याला मात्र टिकली नाहीत. कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. पुढे १९९५ मध्ये जीई-९० इंजिनात कार्बन तंतूची पाती यशस्वी झाली, पण त्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी होती.

आणखी एक गोष्ट देखभाल करणाऱ्यांसाठी. अॅल्युमिनियमच्या पंखावर पाना पडला तर पोचा दिसतो. कार्बनच्या पंखावर वरून काहीच दिसत नाही, पण आत थर सुटलेले असू शकतात आणि दाबाखाली तिथूनच भाग निकामी होतो. बाजारात मडके वाजवून घेतो तसे तंत्रज्ञ नाण्याने टकटक करून ऐकतात. निरोगी जागा खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. त्यानंतर अल्ट्रासोनिक तपासणी करतात. म्हणून हातून पाना पडला तर तो गुपचूप उचलायचा नाही, लगेच नोंद करायची. ओरखडा नाही म्हणून इजा नाही, असे या पदार्थाबाबत म्हणता येत नाही.

सरावासाठी

१. एका तंतूचे ताणबळ ४९०० मेगापास्कल आणि ताठरता २३० गिगापास्कल आहे. तुटेपर्यंत तो किती टक्के लांबेल?
२. पोलादाची घनता ७.८५ आणि टी-३०० ची १.७६ आहे. ताठरतेला घनतेने भागून दोघांची तुलना करा.
३. धाग्याच्या प्रयोगात लांब तुकड्याचे बळ कमी आले, ताठरता मात्र तीच राहिली. कारण चार ओळींत लिहा.
४. धनुर्विद्येच्या बाणाची दांडी आणि हॉकी स्टिक, यांपैकी कशात ताठर तंतू निवडाल आणि कशात जास्त लांबणारा? का?

(उत्तरे: १. सुमारे २.१ टक्के. २. पोलाद सुमारे २५, टी-३०० सुमारे १३१, म्हणजे पाचपट. ३ आणि ४ ची उत्तरे वर्गात चर्चेसाठी.)